नुसत्या पाण्याची बाधा: एका समजुतीचा इतिहास

उन्हातून आलेल्या माणसाला आधी बसावयास सांगून, गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवून, मगच पाण्याचा तांब्या पुढे करण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दीर्घकाळ पाळली गेली. आणि तिचे कारण विचारले असता आतिथ्याच्या बरोबरीने पोटाचेही कारण सांगितले जाई, ते असे की नुसते पाणी रिकाम्या पोटात लागते, म्हणजे ते पिताच कळ येते, मळमळते किंवा पोट तटतटते. याच समजुतीच्या आणखी काही शाखा होत्या. बाळंतिणीला कच्चे, म्हणजे न उकळलेले पाणी वर्ज्य असे. तान्ह्या मुलाला वावडिंग टाकून उकळलेले पाणी चमच्याने पाजले जाई. अपचन झालेल्याला सुंठीचे किंवा ओव्याचे पाणी दिले जाई. आणि परगावी गेलेल्या माणसाची प्रकृती बिघडली की तिकडचे पाणी त्याला मानवले नाही, असे निदान वैद्याला न विचारता घरातच होई. या साऱ्या आचारांमागे एकच गृहीत आहे, ते म्हणजे साधे पाणी ही निरुपद्रवी वस्तू नसून तिच्यावर काही संस्कार केल्यावाचून किंवा तिला कशाची तरी जोड दिल्यावाचून ती पोटात घालू नये.

या गृहीताकडे पाहण्याच्या दोन सवयी आज रूढ आहेत. एका सवयीनुसार ते प्राचीन ऋषिमुनींचे अखंड चालत आलेले शहाणपण ठरते, तर दुसरीनुसार निव्वळ अडाणीपणा. दोन्हींमुळे त्याचा इतिहास नजरेआड होतो. वास्तविक या समजुतीत शास्त्रग्रंथांतील पाण्याचा विचार, दख्खनच्या खडकातील क्षार, पटकीसारख्या साथी, गुळाच्या बाजारपेठा आणि पाणवठ्यांवरील जातीचे निर्बंध असे भिन्न काळांतील भिन्न थर एकावर एक साचलेले आहेत. आणि ते सुटे करून पाहिले असता असे दिसते की पोटाच्या अशक्तपणाची म्हणून जी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या नोंदली गेली, ती पुष्कळदा पोटाची नव्हे, पाण्याची होती.

ग्रंथांचा थर प्रथम पाहणे सोयीचे आहे, कारण त्याची कालनिश्चिती त्यातल्या त्यात सोपी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसावा अध्याय आणि साधारण सातव्या शतकातील वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय, हे दोन्ही द्रवपदार्थांविषयीचे असून दोन्हींचा आरंभ पाण्यापासून होतो. या ग्रंथकारांच्या दृष्टीने पाणी हे अन्नासारखेच पचवावे लागणारे द्रव्य आहे. अग्नी, म्हणजे पचनाची शक्ती, मंद असेल तर ते पचत नाही आणि न पचलेले पाणी विकार उत्पन्न करते. ज्यांचा अग्नी मंद आहे, ज्यांना गुल्म, अतिसार, मूळव्याध किंवा ग्रहणी, म्हणजे आतड्यांचा जुनाट विकार आहे, त्यांनी पाणी पिऊ नये आणि राहवतच नसेल तर अगदी थोडे प्यावे, असे वाग्भट सांगतो. इतकेच नव्हे तर शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही ते बेतानेच प्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा समधातू राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो आणि आधी पिणारा कृश होतो, हा मराठी घरांत आजही ऐकू येणारा नियम त्याच अध्यायातला आहे. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात हा विचार कालमापनापर्यंत गेला: कच्चे पाणी पचावयास एक याम, म्हणजे तीन तास लागतात, उकळून गार केलेले त्याच्या निम्म्या वेळात पचते आणि कोमट पाणी त्याच्याही निम्म्या वेळात. उकळण्याचे हे महत्त्व जंतूंच्या कल्पनेतून आलेले नव्हते; अग्नीने आधीच अर्धे पचवलेले पाणी पोटातल्या अग्नीवर कमी भार टाकते, असा तो तर्क होता. म्हणूनच उकळलेले पाणी रात्रभर ठेवून शिळे झाले की ते त्रिदोष वाढवते, असेही वाग्भटाने बजावले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या ग्रंथांतील सर्वांत लक्षवेधी भाग नद्यांचा आहे. पश्चिम समुद्राला मिळणाऱ्या, वेगाने वाहणाऱ्या, निर्मळ पाण्याच्या नद्या पथ्यकर होत, असा सर्वसाधारण नियम सांगून झाल्यावर वाग्भट पर्वतांनुसार दोष मोजतो, आणि त्यात सह्य व विंध्य पर्वतांतून उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी कुष्ठ, पांडू आणि शिरोरोग उत्पन्न करणारे, तर अपरान्ताचे, म्हणजे कोकणपट्टीचे पाणी मूळव्याधीला कारण होणारे म्हटले आहे. सुश्रुतही सह्याद्रीच्या नद्यांना कुष्ठाचा दोष देतो. हे निष्कर्ष आजच्या वैद्यकाला मान्य होणारे नाहीत, पण प्रदेशाप्रदेशाचे पाणी वेगळे असते आणि ते तेथील शरीरांवर वेगळा परिणाम करते, हे निरीक्षण त्यांच्या मुळाशी आहे. वाग्भटाचा ग्रंथ महाराष्ट्रात केवळ पोथ्यांच्या बासनात राहिला नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली; १८८० मध्ये मुंबईत अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला; आणि त्यानंतरच्या पिढीत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या आर्यभिषक्‌सारख्या मराठी पुस्तकांतून हे विचार साक्षर घरांत पोहोचले.

तरीही गूळपाण्याची रीत या ग्रंथांतून उतरली, असे म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा खुद्द वाग्भटाच्याच अध्यायात आहे. त्याच्या जलवर्गात पाण्याबरोबर गूळ देण्याचा उल्लेख नाही, आणि त्याच अध्यायात पुढे उसाच्या पदार्थांचा विचार करताना तो जुना गूळ पथ्यकर असल्याचे सांगून नवा गूळ कफ वाढवणारा आणि अग्नी मंद करणारा असल्याचे नोंदवतो. ज्या रीतीचे समर्थन पचनाच्या आधारे केले जाते, तिच्यातील मुख्य वस्तू शास्त्राच्या मते पचनाला मारकही ठरू शकते, ही विसंगती लहान नाही. गृह्यसूत्रांतील मधुपर्काशी, म्हणजे मध व दही किंवा तूप एकत्र करून केलेल्या सत्काराशी, गूळपाण्याचा संबंध जोडण्याचा मोहही आवरला पाहिजे. मधुपर्क हा आचार्य, ऋत्विज, राजा, स्नातक, सासरा अशा ठरावीक मानकऱ्यांसाठी होता आणि मराठी विवाहविधीत तो नवरदेवासाठीच उरला, तर गूळपाणी दारात आलेल्या वाटसरूपर्यंत सर्वांसाठी होते, किंवा निदान तसे सांगितले जात असे. ते सर्वांसाठी खरोखर होते काय, याचा विचार पुढे करावा लागेल.

नुसत्या पाण्याऐवजी दुसरे काही देण्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील आचाराची एक जुनी लेखी नोंद गोव्यात सापडते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या, भारतीय औषधी द्रव्यांविषयीच्या संवादरूप ग्रंथात एका तीव्र ओकारी-हगवणीच्या रोगाचे वर्णन केले आहे, आणि त्याचे तेथील नाव मराठी-कोकणीतील मोडशी हेच आहे. या रोग्यांना स्थानिक लोक मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, असे त्याने लिहिले आहे. तांदळाच्या पिठूळ अंशासह पोटात गेलेले पाणी अशा रोग्याला पेलते आणि नुसते पाणी पेलत नाही, हे गोव्यातील लोकांना माहीत होते. त्याचे कारण कळावयास पुढे चारशे वर्षे जावी लागली.

देशावरची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे पाण्याची तक्रार रोगाइतकीच खडकाशी निगडित आहे. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विहिरींच्या पाण्यात उतरतात आणि पाणी कठीण, बोलीत सांगावयाचे तर जड होते. ते जड आहे की हलके, हे ठरवण्याची घरगुती कसोटी तूरडाळीची होती: डाळ तासन्‌तास चुलीवर ठेवूनही शिजत नसेल तर पाणी जड, आणि ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पोटातही जड पडणार, असा स्त्रियांचा निष्कर्ष असे. त्यातला पहिला भाग रसायनशास्त्राला धरून आहे, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींमधील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतो. दुसरा भाग सरसकट खरा नसला तरी काही ठिकाणी खरा ठरतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात, तेथे विहिरीचे पाणीच खारट लागते आणि त्याच्यावर ना शेती धड होते ना तहान भागते. पाण्यात मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त असेल तर ते रेचक ठरते. लिटरमागे साधारण १००० मिलिग्रॅमच्या पुढे सल्फेट गेले की पुष्कळांना ढाळ होतात. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ४०० मिलिग्रॅम ठेवली आहे. विशेष म्हणजे अशा पाण्याची सवय होते: गावात जन्मलेल्याला जे पाणी बाधत नाही, तेच नव्याने आलेल्या सुनेला, शिक्षकाला किंवा तलाठ्याला काही दिवस बाधते. परगावचे पाणी मानवत नाही, हे जुने निदान अशा ठिकाणी अक्षरशः खरे होते, आणि त्याची वासलात अंधश्रद्धेच्या सदरात लावणे अन्यायाचे आहे.

गुळाचा थर यानंतरचा आहे. ऊस आणि गूळ महाराष्ट्राला प्राचीन काळापासून माहीत असले तरी ऊस हे बागायती, म्हणजे बारमाही पाणी मागणारे पीक आहे, आणि विहिरीच्या मोटेवर पिकणाऱ्या उसातून होणारा गूळ गरिबाच्या घरी रोज पाहुण्याच्या हातावर ठेवण्याइतका मुबलक असणे कठीण होते. एकोणिसाव्या शतकात कालवे आले, आगगाडी आली आणि गुळाचा बाजार वाढला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही व्यापारपेठ गुळासाठी प्रसिद्ध झाली आणि पंचगंगेच्या काठचा गूळ दूरवर जाऊ लागला. गुळाबरोबर दिले जाणारे शेंगदाणे तर अमेरिकेतून आलेल्या पिकाचे, आणि त्या पिकाचा दख्खनमधील मोठा प्रसारही एकोणिसाव्या शतकापासूनचाच. तेव्हा गूळदाणे आणि पाणी ही आज परंपरेची खूण समजली जाणारी जोडी, तिच्या सर्वत्र आढळणाऱ्या रूपात, काही पिढ्यांपेक्षा जुनी असण्याचा संभव फारसा नाही. तिच्या आधी त्या जागी ताक, पेज, आंबील, कोकणात कोकमाचे पाणी असे जे ज्या घरी असेल ते असे, आणि कित्येक घरी काहीच नसे.

आता पाणी कोणाला मिळत होते, या प्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण पाण्याच्या आतिथ्याचा इतिहास त्यावाचून लिहिला तर तो खोटा होईल. ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले, त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला जात नव्हता आणि त्यांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते. वरून ओंजळीत ओतलेले पाणी मिळावे म्हणून तासन्‌तास ताटकळणे, नाहीतर नदीपात्रातल्या डबऱ्यांतून, ओढ्याच्या खालच्या अंगाकडून, गुरे जेथे उतरतात तेथून पाणी भरणे, एवढाच पर्याय त्यांना ठेवलेला होता. या वस्त्यांतील पोटदुखी, हगवण आणि जंत यांचे कारण तेथील माणसांच्या राहणीत शोधणारे लोक पाणवठ्याकडे पाहत नसत. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो म्हणूनच समतेचा जितका, तितकाच आरोग्याचाही निर्णय होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले आणि पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतल्याचे जाहीर करण्यात आले. शेण आणि गोमूत्र ओतल्याने ते पाणी कोणाच्या पोटाला अधिक पथ्यकर झाले नव्हते. पाणी बाधते या कल्पनेत माणसाच्या स्पर्शाची बाधा किती खोलवर मुरली होती, हे महाडमध्ये उघड्यावर आले, आणि तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निर्णय मिळण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले.

मुंबई आणि पुणे येथे पाण्याची व्यवस्था बदलली ती साथींच्या आणि टंचाईच्या दडपणाखाली. बेटावरील विहिरी आणि तलाव अपुरे व घाण होत गेल्यावर विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईत आले, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांची भर पडली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्यावर भरणाऱ्या हौदांच्या जोडीला खडकवासल्याचे पाणी आले. पटकीचा प्रसार पाण्यातून होतो, हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये दाखवले होते आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचे जंतू एका तलावाच्या पाण्यातही शोधून काढले, तरी हिंदुस्थान सरकारचे वरिष्ठ आरोग्याधिकारी बराच काळ हवा आणि जमीन यांनाच दोष देत राहिले. जंतूंचा सिद्धान्त अखेर सर्वमान्य झाला तेव्हा, पाणी उकळून आणि गाळून प्या, ही सूचना मराठी घरांना परकी वाटली नाही, कारण कच्चे पाणी वाईट हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. फक्त त्याचे कारण बदलले.

याच काळात नुसत्या पाण्याला दोन नवे पर्याय मिळाले. एक सोडावॉटरचा, ज्याच्या गोळीच्या बाटल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत पारशी कारखानदारांनी लोकप्रिय केल्या आणि जो जड जेवणानंतर पाचक म्हणून प्यायला जाऊ लागला. दुसरा चहाचा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या खटल्याला तोंड द्यावे लागले होते. पण १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवून त्यातून प्रचाराला पैसा मिळू लागल्यावर चहा हळूहळू घराघरांत शिरला आणि पाहुण्यापुढे गूळपाण्याच्या जागी कप आला. चहाचे पाणी उकळलेले असते आणि त्यात साखर असते, म्हणजे जुन्या रीतीच्या दोन्ही अटी तो अनायासे पुऱ्या करतो, ही बाब त्याच्या यशाचा विचार करताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

ओर्ताच्या पेजेचे कोडे विसाव्या शतकात उलगडले. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन याने १९६० मध्ये मांडली. पटकीत आतडे पाणी बाहेर टाकत असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन अपुरे पडू लागले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजून मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आणले. मात्र या शोधाचा आधार घेऊन गूळपाण्याला विज्ञानाचे प्रमाणपत्र देणे घाईचे होईल. निरोगी माणसाच्या आतड्यात साधे पाणी कोणत्याही मदतीवाचून शोषले जाते, आणि रिकाम्या जठरातून ते इतक्या झपाट्याने पुढे सरकते की साधारण पाव तासात निम्मे निघून जाते. त्याला तीन तास लागत नाहीत. गुळाच्या खड्याचा खरा उपयोग बहुधा असा असावा की तो चघळेपर्यंत माणूस बसतो, घाम निथळतो, श्वास ठिकाणावर येतो आणि तांब्याभर गार पाणी एका दमात घटाघटा पिऊन जठर एकाएकी ताणले जाण्याचा प्रसंग टळतो.

काही आचारांना मात्र आजचे ज्ञान स्पष्ट नकार देते, आणि वावडिंगाचे पाणी त्यांतले एक आहे. ज्या काळी घरातले एरवीचे पाणी दूषित असे, त्या काळी उकळलेले पाणी कमी धोक्याचे होते यात शंका नाही. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, कारण पाण्याने भरलेल्या इवल्या जठरात दुधाला जागा उरत नाही आणि वाटी-चमच्यातून संसर्ग पोटात जातो. बाळंतिणीचे पाणी तोडणे तर उघड अपायकारक होते, कारण दूध पाजणाऱ्या आईची पाण्याची गरज वाढलेली असते.

पाणी शुद्ध असूनही ते पिताच ज्यांचे पोट दुखते किंवा तटतटते, अशी माणसे असतात, ही गोष्टही अलीकडे मोजमापाने दिसून आली आहे. अपचनाचा एक प्रकार असा आहे की ज्यात तपासणीत व्रण किंवा सूज आढळत नाही, पण जठराच्या भिंती ताणाला वाजवीपेक्षा अधिक संवेदनशील झालेल्या असतात किंवा अन्नपाणी आत येताना जठर पुरेसे सैल पडत नाही; अशा रुग्णांना पोट भरल्यासारखे वाटेपर्यंत साधे पाणी पिण्यास सांगितले तर ते निरोगी माणसापेक्षा कमी पाण्यातच थांबतात, आणि संशोधनात ही चाचणी वापरली जाते. मंद अग्नीच्या माणसाने पाणी थोडे थोडे प्यावे, हा वाग्भटाचा सल्ला अशांना आजही उपयोगी पडतो. पूर्णेच्या खोऱ्यातील कूपनलिकेवर पाणी भरणारी बाई हीच तक्रार त्याच शब्दांत सांगते, परंतु तिच्या बाबतीत तपासावयाचे असते ते जठर नव्हे, पाणी. आणि ती तपासणी रुग्णालयात होत नाही, तिच्यासाठी गावच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.